लोणारचा गुलाबी रंग नेमका कुणाचा?

2020च्या जून महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं. एरवी हिरवट दिसणारं ते खारं पाणी बघायला लोक लोटले. वनखात्याने नमुने घेऊन नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. पहिला संशय आला तो ड्युनालिएला सलायना या शैवालाचा, आणि तो रास्तच होता. हे शैवाल मूळचं हिरव्या शैवालांच्या कुळातलं. पण पाण्याचा खारटपणा आणि उन्हाचा मारा वाढला की ते पेशीत बीटा-कॅरोटीन साठवतं आणि तांबूस दिसू लागतं. गाजराला रंग देणारं द्रव्य हेच.

आघारकर संस्थेत नमुना स्थिर ठेवला तेव्हा गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी बिनरंगी झालं. रंग पाण्याचा नव्हताच, त्यात वाढलेल्या सजीवांचा होता. आणि ते सजीव निघाले हॅलोआर्किया, म्हणजे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव! शैवालाशी त्यांचा काहीएक संबंध नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक थक्क करतो. ड्युनालिएलाच्या पेशीत केंद्रक असतं, पेल्याच्या आकाराचं हरितलवक असतं आणि दोन कशाभिका हलवत ती पोहते. हॅलोआर्किया तिच्याहून कितीतरी लहान, आणि त्यांना केंद्रकच नाही. 1977 मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधल्या आरएनएचे क्रम ताडून पाहिले आणि आर्किया हे जीवाणूंपासूनही वेगळं घराणं असल्याचं दाखवून दिलं. वंशाचा हिशेब मांडला तर ड्युनालिएला हॅलोआर्कियापेक्षा तुम्हा-आम्हाला अधिक जवळची ठरते. रंगाने मात्र ती दोघं जुळी भावंडं वाटतात.

म्हणून रंग निरुपयोगी आहे असं नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हार्वे यांनी 1836 मध्ये सागरी शैवालांचे हिरवे, तपकिरी, लाल असे गट पाडले, ते बरेचसे आजही टिकून आहेत. तपकिरीत फ्युकोझँथिन, लाल शैवालात फायकोएरिथ्रिन, हिरव्यात हरितद्रव्य ‘अ’ आणि ‘ब’ : ही रंगद्रव्यं खरोखरच वंशाची खूण आहेत. पण हीच ‘अ-ब’ जोडी युग्लीना या एकपेशीय सजीवातही सापडते. तिच्या हरितलवकाभोवती तीन पटलं असतात, हिरव्या शैवालाच्या दोनच. याचं कारण विलक्षण आहे : तिच्या पूर्वजाने कधीकाळी एक हिरवं शैवाल गिळलं आणि न पचवता पदरी ठेवलं. जनुकक्रम विचाराल तर युग्लीनाचे जवळचे नातलग म्हणजे आफ्रिकेतल्या निद्रारोगाचे परजीवी.

लोणारचा नेहमीचा हिरवा रंगही असाच चकवतो. तो मुख्यतः स्पिरुलिनासारख्या नीलहरित शैवालांचा, आणि ही ‘शैवालं’ म्हणजे मुळात जीवाणू.

हा फरक स्वतः पाहायचा तर नागपुरात फुटाळा आणि गांधीसागर हे तलाव हाताशी आहेत. तिथलं हिरवं पाणी थेंबभर घ्या आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात सूक्ष्मदर्शकाखाली बघू द्या म्हणून विनंती करा. हिरवा रंग पेशीतल्या ठरावीक भागातच, म्हणजे हरितलवकात दिसला तर ते खरं शैवाल. पेशीभर पसरलेला दिसला तर बहुधा नीलहरित जीवाणू.