तटाआडचे दोन वेश

पेण किंवा रोह्याच्या न्यायालयाने न्यायालयीन कोठडी सुनावली की आरोपीची रवानगी सहसा अलिबाग जिल्हा कारागृहात किंवा तळोजा मध्यवर्ती कारागृहात होते. अलिबागचे कारागृह कान्होजी आंग्रे यांनी १७२० मध्ये बांधलेल्या हिराकोट किल्ल्यात आहे. अशा प्रत्येक कारागृहात बंद्याचा संबंध दोन प्रकारच्या कर्मचाऱ्यांशी येतो.

शिपाई, हवालदार, सुभेदार आणि तुरुंगाधिकारी गणवेशात असतात. पहारा, झडती, गिनती आणि कुलपे ही त्यांची जबाबदारी. वैद्यकीय अधिकारी, मिश्रक, लिपिक, शिक्षक, कारखान्यातले निदेशक आणि समुपदेशक साध्या वेशातले. लहान कारागृहात यांतली सगळी पदे नसतात. दोन्ही गटांना अधीक्षकांच्या देखरेखीखाली काम करावे लागते.

दोघांमधील कामाची घडी १८९४ च्या कारागृह कायद्याने बसवली. बंदी आजारी वाटला किंवा त्याने डॉक्टरांना भेटायची इच्छा सांगितली, तर पहाऱ्यावरच्या कर्मचाऱ्याने ते तुरुंगाधिकाऱ्याला लगेच कळवायचे. औषधे वगळता डॉक्टरांनी दिलेल्या सूचना बंद्याच्या हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे त्याच्या नोंदपत्रावर, चढतात. प्रत्येक सूचना अमलात आली की नाही, याची तारखेसह नोंद तुरुंगाधिकाऱ्याने करायची. तुरुंगातल्या शिस्तीने किंवा वागणुकीने बंद्याच्या मनावर विपरीत परिणाम होत आहे असे वाटले, तर डॉक्टरांनी तसे अधीक्षकांना लेखी कळवायचे. म्हणजे कुलूप गणवेशाच्या हाती असले, तरी प्रकृतीबाबत डॉक्टरांच्या शब्दाला कायद्याचे बळ आहे.

कारखान्यात ही वाटणी आणखी स्पष्ट दिसते. नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात बंदी गणेशमूर्ती घडवतात. हे काम पेणच्या वाचकाला घरचेच. अशा ठिकाणी शिकवणाऱ्याचे लक्ष हाताच्या सफाईकडे असते, तर पहाऱ्यावरच्या शिपायाचे हत्यारांकडे. काम संपल्यावर प्रत्येक हत्यार मोजून परत घ्यावे लागते, आणि ही मोजणी शिकवणाऱ्याने अडचण मानली तर दोघांचेही काम बिघडते.

मतभेद प्रामुख्याने वेळ आणि विश्वास यांवरून होतात. डॉक्टरांनी बंद्याला बाहेरच्या रुग्णालयात पाठवायला सांगितले, तरी त्याला नेण्यासाठी पोलीस गार्ड लागतो. तो मिळाला नाही तर तपासणी लांबणीवर पडते. समुपदेशकाला बंद्याशी मोकळेपणाने बोलायचे असते, पण शिपायाला तो नजरेआड होऊ द्यायचा नसतो. जामिनाचा आदेश आल्यावर लिपिकाला कागद तपासावे लागतात. बंदी दुसऱ्या गुन्ह्यातही हवा आहे का, हे पाहिल्याशिवाय दार उघडत नाही.

न्या. मुल्ला समितीने १९८० ते १९८३ या काळात कारागृहांचा अभ्यास करून सुधारणा व पुनर्वसनावर भर दिला. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीचा रोखही तोच आहे. त्यासाठी दोन्ही बाजूंत माहितीची नियमित देवाणघेवाण हवी. बंदी जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारात असल्याचे कळले, तर समुपदेशकाने ते पहाऱ्यापर्यंत पोचवलेच पाहिजे. आजाराचा तपशील मात्र गोपनीय राहिला पाहिजे. ही सीमा दोघांनाही ठाऊक असेल, तर सुरक्षितता आणि सुधारणा एकमेकींच्या आड येत नाहीत.