वास आला नाही, म्हणून हवा चांगली?

हिवाळ्यात बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे जीव गेल्याची बातमी येते, तेव्हा लोक हळहळून म्हणतात, ‘गॅस गळत असणार, वास कसा आला नाही?’ पण अशा घटनांत बहुतेकदा गॅस गळालेलाच नसतो. गळती कळावी म्हणून एलपीजीत उग्र वासाचं मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं. घात करतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना वास, ना रंग. कोंदट जागेत ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. कडीपर्यंत हात पोचण्याआधीच शुद्ध हरपू शकते.

आणि थंडी शिरते म्हणून आपण नेमकी बाथरूमचीच खिडकी लावतो, झडपेत जुना कपडा कोंबतो! एअर प्युरिफायरची हेपा जाळी धुळीचे कण अडवते, हा वायू नाही. गिझर बाहेर मोकळ्या हवेत बसवून फक्त गरम पाण्याची नळी आत आणावी. ते होईपर्यंत निदान दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, हवा खेळू द्या, मगच अंघोळीला जा.

डासांच्या कॉइलचंही तसंच. ‘एवढ्याशा धुराने काय होतं?’ 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचं आढळलं. पाळण्यातल्या बाळासाठी मच्छरदाणीच बरी.

घरातली झाडं हवा शुद्ध करतात, हा समज नासाच्या 1989च्या प्रयोगावरून पसरला. पण ते प्रयोग बंद पेटीतले होते. खऱ्या घरात उघड्या खिडकीची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला किमान दहा कुंड्या लागतील, असा हिशेब 2019च्या आढाव्यात निघाला. झाडं जरूर लावा, डोळ्यांना बरं वाटतं म्हणून.

साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच गार करून फिरवतो. गच्च भरलेल्या क्लासमध्ये मुलं पेंगतात, त्यात या साचलेल्या हवेचाही वाटा असू शकतो. दोन तासिकांच्या मध्ये समोरासमोरच्या खिडक्या उघडायला पैसे पडत नाहीत. बाहेर धुरकं असेल, तर दुपारी ते विरल्यावर उघडा.