संगणकीय बांधकाम परवानगी: कोपरी ते डोंबिवली, समज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार नियोजन प्राधिकरणाच्या, म्हणजे ठाणे किंवा कल्याण-डोंबिवलीसारख्या महापालिकेच्या, परवानगीवाचून इमारत उभारता येत नाही. हे परवानगीचे काम कागदी फायलींवरून संगणकावर आले म्हणजे ते आपोआप निर्दोष झाले, हा समज ठाण्यातील कोपरीसारख्या जुन्या वस्तीत पुनर्विकासाची वाट पाहणाऱ्या रहिवाशाला आणि डोंबिवलीत आयुष्यभराची पुंजी घालून घर घेणाऱ्या कुटुंबाला महागात पडू शकतो.

यातील सर्वांत प्रचलित गैरसमज असा, की नकाशा संगणकच मंजूर करतो. प्रत्यक्षात वास्तुविशारद आपला नकाशा ठरलेल्या थरांमध्ये मांडतो. भिंती, जिने, सामासिक अंतरे, वाहनतळ या प्रत्येकासाठी वेगळा थर असतो, आणि छाननीची प्रणाली या थरांवरून क्षेत्रफळे व अंतरे मोजून ती नियमांशी ताडून पाहते. चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येईल हे ठरवणारे गुणोत्तर, ओलांडला गेला तर ती ते दाखवते. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळून राज्यभर एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाल्यामुळे हे काम सुकर झाले, कारण शहरागणिक वेगळे नियम असताना एकच प्रणाली सर्वत्र वापरणे कठीण होते. मात्र जमिनीची मालकी वादग्रस्त आहे का, नकाशातला रस्ता जागेवर खरोखर आहे का, या प्रश्नांची उत्तरे रेषांच्या मोजमापातून मिळत नाहीत; ती कागदपत्रे तपासणाऱ्या आणि जागेवर जाणाऱ्या अधिकाऱ्यालाच द्यावी लागतात.

दुसरा समज अधिक घातक आहे: महारेराचा, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मिळाला, तो संकेतस्थळावर दिसतो, म्हणजे इमारत अधिकृत आहे. कल्याण-डोंबिवलीतील 65 इमारतींच्या प्रकरणाने हा समज खोटा ठरवला. ज्या महापालिकेने राज्यात नागरी सेवांच्या संगणकीकरणात सुरुवातीच्या काळात आघाडी घेतली, तिच्याच नावाची बनावट बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रे तयार करून त्यांच्या आधारे या इमारतींसाठी महारेराची नोंदणी मिळवण्यात आल्याचे 2022 मध्ये उघड झाले, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की दोन्ही कार्यालयांत संगणक होते, पण एका कार्यालयाने दिलेला दाखला दुसऱ्या कार्यालयाला स्वतःहून पडताळता येत नव्हता. विकासकाने चढवलेली प्रत हाच पुरावा मानला जात होता. अशी प्रत संगणकावर असली तरी ती विश्वासाच्या दृष्टीने कागदाहून वेगळी नसते. 2023 मध्ये सर्व नियोजन प्राधिकरणांनी आपली संकेतस्थळे महारेराशी जोडावीत असे निर्देश शासनाने दिले आणि प्रारंभ प्रमाणपत्र थेट प्राधिकरणाकडून पडताळून घेण्याची पद्धत सुरू झाली. संगणकीकरणाचा खरा लाभ या पडताळणीत आहे, आणि तो इतक्या कुटुंबांची घरे पणाला लागल्यानंतर पदरात पडावा, ही खेदाची बाब आहे. शिवाय महारेराची नोंदणी ही मुळात बांधकामाची परवानगी नव्हेच. ती विक्रीपूर्वी विकासकाने दिलेल्या माहितीची आणि वचनांची नोंद आहे.

वेगाबद्दलही गैरसमज आहेत. साठ दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो, हे अर्धेच खरे आहे. ही मानीव परवानगी प्रस्ताव नियमांशी काटेकोरपणे सुसंगत असेल तरच लागू होते, अन्यथा केलेले बांधकाम अनधिकृत ठरते. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभता अहवालात बांधकाम परवानग्यांबाबत भारताचा क्रमांक 2018 च्या आवृत्तीतील 181 वरून 2020 च्या आवृत्तीत 27 वर आला, याचाही दाखला दिला जातो; पण त्या अहवालाने फक्त मुंबई आणि दिल्लीतील एका काल्पनिक गोदामाच्या परवानगीचे टप्पे मोजले होते, आणि आकडेवारीतील गैरप्रकार पुढे आल्यावर 2021 मध्ये बँकेने तो अहवालच बंद केला.

परवानगीची प्रणाली केवळ अर्ज करणाऱ्यालाच पाहते. 4 एप्रिल 2013 रोजी ठाणे महापालिका हद्दीतील शीळ-डायघर येथे बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळून 74 जणांचा मृत्यू झाला; असे बांधकाम छाननीसाठी येतच नाही, त्यामुळे ते शोधण्यासाठी प्रभागातील गस्त, उपग्रहचित्रांची तुलना आणि बजावलेल्या नोटिशीची वेळेत अंमलबजावणी लागते. अधिकृत इमारतीतही जोत्याच्या तपासणीचा दाखला आणि शेवटचे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाली असून राहण्यास योग्य आहे असा दाखला, प्रत्यक्ष पाहणीनंतरच द्यावयाचे असतात. सिंगापूरने 2001 पासून संगणकीय सादरीकरण स्वीकारले आणि पुढे सपाट नकाशाऐवजी इमारतीचे त्रिमितीय माहिती-प्रतिमान मागण्यास सुरुवात केली, परंतु तेथेही जागेवरची तपासणी रद्द झालेली नाही.

कोपरीत जागेवरच्या पडताळणीचा हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत, जुने कोपरी गाव आणि नंतरच्या दाटीवाटीच्या इमारती असा हा परिसर ठाण्याच्या समूह विकास योजनेत येतो, ज्यात सुट्या इमारतींऐवजी संपूर्ण वस्तीचा एकत्रित पुनर्विकास अपेक्षित आहे. नव्या इमारतीचा नकाशा संगणक काही वेळात तपासू शकेल. पण कोणत्या खोलीत कोण, कोणत्या हक्काने आणि कधीपासून राहते, हे आधी घरोघरी जाऊन नोंदवावे लागते, आणि त्या यादीवर रहिवाशांना हरकत घेता आली तरच पुढच्या परवानगीला आधार मिळतो.