अपघात वहीत आला पाहिजे
कुपवाड एमआयडीसीत मी नोकरीभर पगारपत्रकं केली. निवृत्तीनंतरही सांगली-मिरजेचे कामगार कागद घेऊन घरी येतात. परवा साताऱ्याकडचा एक पोरगा आला. पॉवर प्रेसमध्ये एका हाताची तीन बोटं गेलेली. ठेकेदारानं थोडी रोकड दिली आणि "घरी लागलं म्हण" असं बजावलं.

मी आधी विचारलं, "पगारातून ईएसआय कापतात?" कापत होते. महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्याचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के दर महिन्याला कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे, म्हणजेच ईएसआयकडे, जातात. हा त्याचा हक्काचा विमा आहे, कुणाचे उपकार नाहीत. साध्या आजारपणात 70 टक्के पगार मिळतो, तोही वर्षाला 91 दिवस आणि आधी पुरेशी वर्गणी भरली असेल तर. कामावरच्या अपघाताला अशी अट नाही. नोकरीचा पहिला दिवस असला तरी कामावर परत जाता येईपर्यंत सुमारे 90 टक्के मिळतात.

पुढं कायमचं अपंगत्व किती, हे मेडिकल बोर्ड ठरवतं. कायद्याच्या तक्त्यात एका हाताची तीन बोटं म्हणजे 30 टक्के. पगार 15,000 धरला तर 90 टक्क्यांचे 13,500, त्यातले 30 टक्के म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास. तेही आयुष्यभर, पुन्हा कामाला लागला तरी. मालकानं वर्गणी थकवली असली तरी कामगाराचा हक्क बुडत नाही. महामंडळ ती मालकाकडून वसूल करतं.

पण अपघात कामावरच झाला, हे कागदावर दिसलं पाहिजे. ठेकेदाराला नेमकं तेच नको असतं. म्हणून कळकळीनं सांगतो: त्याच दिवशी कारखान्याच्या अपघात वहीत नोंद करायला लावा, केसपेपरवर 'कामावर मशीनमध्ये हात सापडला' असंच लिहून घ्या, शेजारच्या मशीनवर कोण होतं ते टिपून ठेवा. या पोराचं हजेरीपत्रक आणि दोन सोबत्यांचे जबाब जोडून आम्ही अर्ज केलाय.

हे झालं कारखान्यातल्या कामगाराचं. जतच्या ऊसतोड मजुराला ईएसआय नाही. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास 1 लाख मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. बँकेत वर्षाला 20 रुपये भरून मिळणारा सुरक्षा विमा 18 ते 70 वयाच्या प्रत्येकानं घ्यावाच. उरतं तहसीलचं संजय गांधी निराधार अनुदान. त्याला दिव्यांगत्व किमान 40 टक्के आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 50,000 च्या आत लागतं. म्हणजे महिना साडेचार हजार कमावणारं घरही बाहेर पडतं. ही मर्यादा सरकारनं वाढवलीच पाहिजे.