श्वासाची वाट जपतांना

गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीवर किंवा अन्ननलिकेवर शस्त्रक्रिया चालूं असतां, क्वचित् कां होईना, शेजारची श्वासनलिका चिरली जाते. अशा वेळीं रोग्याचा श्वास कसा चालूं ठेवतात, हें घरच्या मंडळींस ठाऊक असल्यास पुष्कळ अकारण भीति टळेल.

प्रौढ माणसाची श्वासनलिका सुमारें १० ते १२ सेंटिमीटर लांब असते. पुढून व बाजूंनीं तिला १६ ते २० कूर्चांच्या कमानींचा आधार असतो. पाठीमागची भिंत मात्र मऊ असून तिला अन्ननलिका खेटलेली असते. ही भिंत चिरली कीं जखमेंत बुडबुडे दिसूं लागतात, यंत्रानें दिलेला वायु पुरता परत येत नाहीं, आणि मानेची त्वचा फुगून बोटाखालीं करकर जाणवते. हवा छातीच्या पोकळींत साठल्यास फुप्फुस दबतें व रक्तदाबही उतरतो.

प्राणवायु कमी पडतांच तो अधिक जोरानें द्यावा, असें कोणासही वाटेल. परंतु येथें तो जोरच घातक. दाब वाढेल तितकी हवा चिरेंतून बाहेर निसटते. म्हणून भूल देणारे डॉक्टर दुर्बिणीनें आंत पाहून श्वासाच्या नळीचें टोक चिरेच्या पलीकडे नेतात व तिच्याभोंवतींचा फुगा तेथें फुगवितात. मग चीर श्वासाच्या वाटेबाहेर पडते आणि शस्त्रवैद्यास टांके घालण्यास अवसर मिळतो. चीर अगदीं खालीं, दोन शाखा फुटतात तेथें असल्यास एकाच फुप्फुसावर श्वास चालवितात. निसटलेल्या प्राणवायूजवळ विजेचें दाहक हत्यार चालविल्यास पेट घेण्याचें भय असतें, तेंही सांभाळावें लागतें.

या नळीचा इतिहास फार जुना नाहीं. १८७८ सालीं ग्लासगो येथें विल्यम मॅकएवन यांनीं तोंडावाटे श्वासनलिकेंत नळी घालून क्लोरोफॉर्म दिला. फुप्फुसांत रक्त उतरूं नये, हा त्यांचा हेतु होता. पुढें १९२८ सालीं अमेरिकेंत आर्थर ग्यूडेल व राल्फ वॉटर्स यांनीं फुगा असलेली नळी वैद्यकीय जगापुढें मांडली.

टांके घातल्यावर रोगी स्वतः श्वास घेऊं लागला तर नळी लौकर काढणें इष्ट, कारण यंत्राच्या दाबाचा ताण टांक्यांवर येतो. तें शक्य नसल्यास फुगा टांक्यांच्या पलीकडे ठेवून दाब कमी राखतात व खोकल्याची उबळ औषधांनीं आवरतात. लहान चीर, श्वास सुरळीत असल्यास, टांक्यांवांचूनही भरून येते.

सुजलेला चेहरा आणि तोंडांतील नळी पाहून "एवढी नळी काढा हो!" असें आप्तांनीं विनवूं नये. कदाचित् त्या घटकेस रोग्याच्या श्वासाची तीच एक सुरक्षित वाट असते. घाईनें काढल्यास नवी नळी चिरेंतून भलतीकडे शिरण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेपूर्वीं मात्र एक गोष्ट अवश्य करावी: मागें कधीं नळी घालतांना अडचण आली असल्यास, किंवा मानेवर किरणोपचार झाले असल्यास, तें भूल देणाऱ्या डॉक्टरांस आपण होऊन सांगावें. आणि घरीं परतल्यावर मान पुन्हां फुगली, धाप लागली, ताप आला किंवा खोकल्यांतून रक्त पडलें, तर सकाळची वाट न पाहतां रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.