विधेयकाचा कायदा कसा होतो?
भूजल कायद्याच्या उदाहरणावरून माहिती

बाजार समितीतील व्यवहार, शेतजमिनीची खरेदी-विक्री, विहिरीचे पाणी, सहकारी सोसायटीचा कारभार या साऱ्या बाबी राज्याच्या कायद्यांनी बांधलेल्या आहेत. शेती, पाणी, जमीन व बाजार हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत येतात. त्यामुळे त्यांवर कायदे करण्याचे काम मुख्यत्वे राज्य विधानमंडळाचे आहे. तरीही कायदा कसा तयार होतो, याची माहिती आपल्यापैकी अनेकांना नसते. 'विधेयक मंजूर' अशी बातमी वाचली की कायदा लगेच लागू झाला, असा समज होतो आणि काही जण घाईने निर्णय घेतात. याउलट, हरकत घ्यायची वेळ असते तेव्हा आपण गप्प राहतो. म्हणून विधेयकाचे टप्पे शेतकऱ्यांनी समजून घेणे गरजेचे आहे.

मसुदा

एखादा कायदा करावयाचा झाल्यास संबंधित विभाग प्रस्ताव तयार करतो. विधि व न्याय विभाग त्याला कायद्याच्या भाषेत बसवितो. मंत्रिमंडळाच्या मान्यतेनंतर ते विधेयक विधानमंडळात येते. विधेयकाच्या शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' जोडलेले असते. कलमांची भाषा अवघड वाटली तरी हे निवेदन अवश्य वाचावे. कायदा कशासाठी आणला जात आहे, हे त्यात थोडक्यात सांगितलेले असते. मंत्री नसलेल्या सदस्यालाही अशासकीय विधेयक मांडता येते.

सभागृहातील तीन वाचने

महाराष्ट्रात विधानसभा (२८८ सदस्य) व विधान परिषद (७८ सदस्य) अशी दोन सभागृहे आहेत. प्रत्येक सभागृहात विधेयकाची तीन वाचने होतात.

१) पहिले वाचन : विधेयक मांडले जाते. या वेळी सहसा सविस्तर चर्चा होत नाही.

२) दुसरे वाचन : हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा. प्रथम विधेयकाच्या तत्त्वावर चर्चा होते. विषय गुंतागुंतीचा असल्यास विधेयक प्रवर समितीकडे किंवा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठविता येते. त्यानंतर एकेक खंड विचारात घेतला जातो व सदस्यांनी सुचविलेल्या दुरुस्त्यांवर मत घेतले जाते. एखादा शब्द बदलायचा किंवा सूट घालायची असेल तर ती येथेच घालता येते.

३) तिसरे वाचन : विधेयक एकंदर मंजूर करावे की नाही, यावर मत घेतले जाते. हजर राहून मतदान करणाऱ्यांचे साधे बहुमत पुरते.

एका सभागृहाने मंजूर केलेले विधेयक दुसऱ्याकडे जाते. विधानसभेचे विधेयक परिषदेने फेटाळले, विधानसभेला मान्य नसलेल्या दुरुस्त्या केल्या किंवा तीन महिने तसेच ठेवले, तर विधानसभा ते पुन्हा मंजूर करू शकते. दुसऱ्या खेपेस परिषदेला एकच महिना मिळतो. त्यानंतर विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केले असे मानले जाते. धन विधेयक मात्र फक्त विधानसभेतच मांडता येते आणि परिषदेने ते १४ दिवसांत परत करावे लागते.

अनुमती

दोन्ही सभागृहांत मंजूर झालेले विधेयक राज्यपालांकडे जाते. राज्यपाल अनुमती देऊ शकतात, रोखू शकतात, फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवू शकतात. धन विधेयक परत पाठविता येत नाही. परत आलेले विधेयक विधानमंडळाने पुन्हा मंजूर केल्यास राज्यपालांना अनुमती रोखता येत नाही. समवर्ती सूचीतील विषयावर केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद असेल, तर ती राज्यात टिकण्यासाठी राष्ट्रपतींची अनुमती लागते. राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय द्यावा, याची मुदत घटनेत घातलेली नाही.

भूजल कायद्याचा प्रवास

महाराष्ट्रात १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचे रक्षण करणारा भूजल कायदा झाला होता. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास त्यात मनाई होती. त्याच्या जागी अधिक व्यापक असा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आणण्यात आला. विहिरींची नोंदणी त्यात आहे. शेती किंवा उद्योगासाठी ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट, व त्याहून खोल विहिरी घेण्यावर बंदीची तरतूदही आहे. बोअर घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याशी त्याचा संबंध येतो.

या कायद्याच्या नावात २००९ हे वर्ष आहे, पण राष्ट्रपतींची अनुमती मिळाली २०१३ मध्ये. म्हणून त्याचा क्रमांक '२०१३ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २६' असा आहे. तो अंमलात आला १ जून २०१४ पासून. नियमांचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध झाला तो जुलै २०१८ मध्ये. रोजगार हमी कायद्याचेही असेच झाले. नावात १९७७, क्रमांक १९७८ चा आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासून.

यावरून लक्षात येईल की मंजुरी, अनुमती, राजपत्रातील प्रसिद्धी आणि अंमलाचा दिनांक या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. अंमल केव्हापासून, हे बहुधा पहिल्याच कलमात असते. 'शासन अधिसूचनेद्वारे नेमील त्या दिनांकास' असे शब्द असतील, तर त्या अधिसूचनेची वाट पाहावी.

नियमांकडे दुर्लक्ष नको

कायदा चौकट ठरवितो. अर्ज कोठे करायचा, फी किती, मुदत किती हे बहुधा नियमांत येते. नियम शासन करते व नंतर ते विधानमंडळापुढे ठेवते. ज्या कायद्यात पूर्वप्रसिद्धीची अट असते, तेथे मसुदा राजपत्रात देऊन ठराविक मुदतीत हरकती मागविल्या जातात. सामान्य शेतकऱ्याला थेट लेखी म्हणणे मांडण्याची हीच मोठी संधी असते.

अध्यादेश

अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज असल्यास राज्यपाल अध्यादेश काढतात. जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाल्यावरील बाजार समितीचे नियमन शिथिल करण्यासाठी प्रथम अध्यादेशच निघाला होता. अध्यादेश त्वरित लागू होतो, मात्र अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचे कायद्यात रूपांतर न झाल्यास तो संपुष्टात येतो.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) बातमीत 'मांडले', 'मंजूर', 'अनुमती' की 'अंमल' यांपैकी कोणता शब्द आहे, ते पाहावे.

२) विधेयक मांडले जाताच त्याची प्रत मिळवावी. ती विधानमंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते. गावात एकत्र बसून वाचावी.

३) आपल्या आमदारांना दुसऱ्या वाचनापूर्वी लेखी सूचना द्यावी. 'कायदा नको' एवढेच न लिहिता कोणत्या खंडात कोणता बदल हवा व का, ते लिहावे.

४) नियमांचा मसुदा निघाल्यास शेवटची तारीख टिपून मुदतीत हरकत पाठवावी व पोच जपून ठेवावी. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडल्यास म्हणण्याला वजन येते.

५) विहीर, जमीन किंवा विक्रीबाबत खर्चाचा निर्णय घेण्यापूर्वी अंमलाचा दिनांक व नियम यांची खात्री तालुक्याच्या कार्यालयात करून घ्यावी.

पेरणीची वेळ चुकली की नंतर खत-पाणी देऊन उपयोग होत नाही. हरकत-सूचनेचेही तसेच आहे. कायदा झाल्यावर तक्रार करण्यापेक्षा तो घडत असतानाच आपले म्हणणे पोचविणे अधिक फायद्याचे ठरते.