पिशवीचं ऑपरेशन : गरज आहे का, खर्च किती, विमा कुठे चालतो?

अंगावरून जास्त जातं, कंबर दुखते, पांढरं जातं म्हणून बाई दवाखान्यात जाते आणि ‘पिशवी काढावी लागेल’ हे ऐकून घरी येते. त्या रात्री घरात एकच विचार असतो, पैसे कुठून आणायचे? कुणी गळ्यातलं गहाण ठेवतं, कुणी बचत गटातून उचल घेतं, कुणी सावकाराचं दार गाठतं. कर्ज काढण्याआधी काय काय तपासावं, ते या वेळी आम्ही सांगत आहोत.

आधी गरज तपासा

कॅन्सर, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, अंग बाहेर येणं अशा वेळी ऑपरेशन लागू शकतं. पण नुसतं पांढरं जाणं किंवा कंबरदुखी हे पिशवी काढण्याचं कारण नाही. पांढरं जाणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचं असतं, ते गोळ्यांनी बरं होतं. जास्त रक्तस्रावावरही गोळ्या आणि हार्मोनची तांबी असे उपाय आहेत. ‘आता नाही काढली तर पुढे कॅन्सर होईल’ एवढ्या भीतीवर होकार देऊ नका. सोनोग्राफी, हिमोग्लोबिन आणि गरज असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासा. मग सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं दुसरं मत घ्या.

हे आम्ही उगाच सांगत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. बिहार आणि छत्तीसगडमध्ये सरकारी विम्याचे पैसे मिळतात म्हणून गरज नसताना ऑपरेशनं झाल्याच्या तक्रारी झाल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना लागू करा, असा आदेश न्यायालयाने २०२३ मध्ये राज्यांना दिला. म्हणजे कार्डावर ऑपरेशन फुकट होतंय, म्हणून ते गरजेचं आहे असं होत नाही.

विमा नसेल तर

खाजगी दवाखान्यात हा खर्च छोट्या नर्सिंग होममध्ये साधारण ३०-४० हजारांपासून सुरू होतो आणि मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलमध्ये लाखाच्या पुढे जातो. दुर्बिणीने केलं तर जास्त. ‘पॅकेज’ सांगितलं तर त्यात काय धरलंय ते कागदावर मागा : सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, खाट, औषधं, रक्त आणि काढलेल्या पिशवीची तपासणी.

पण खाजगी हा एकच रस्ता नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि महापालिकेच्या रुग्णालयांत थोडं शुल्क असू शकतं. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. तिथे समाजसेवा विभागात जाऊन रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखवा.

सरकारी योजना

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं. काही ऑपरेशनं फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. म्हणून भरती होण्याआधी योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा : ‘हे ऑपरेशन इथे योजनेत बसतं का?’ मंजुरी मिळाली की तपासण्या, ऑपरेशन, औषधं, जेवण आणि परतीचं भाडं योजनेतच येतं. तरी कुणी पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करा.

पगारातून ईएसआय कापतात का?

घरात कुणी कारखान्यात, ठेकेदाराकडे सफाईत किंवा सिक्युरिटीत असेल तर पगाराची स्लिप बघा. २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांचे ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. त्यावर कामगाराच्या बायकोचं ऑपरेशनही होतं. बाई स्वतः विमाधारक असेल आणि हप्ते पुरेसे भरले असतील तर रजेच्या दिवसांचे ७० टक्के वेतनही मिळतं. पैसे कापूनही कार्ड दिलं नसेल तर ते मागून घ्या.

खाजगी पॉलिसी असेल तर

बहुतेक पॉलिसींत या ऑपरेशनसाठी दोन वर्षं थांबावं लागतं. दुखणं सुरू झाल्यावर काढलेली पॉलिसी लगेच कामाला येत नाही.

दुसरी मेख खोलीच्या भाड्याची. समजा आरोग्य संजीवनीची २ लाखांची पॉलिसी आहे. खोलीला रोज २ टक्के, म्हणजे ४,००० रुपये मंजूर. तुम्ही ८,००० ची खोली घेतली, ४ दिवस. बिल असं : खोली ३२,०००, डॉक्टर आणि थिएटर ६०,०००, औषधं-तपासण्या २०,०००, हातमोजे वगैरे ८,०००. एकूण १,२०,०००. खोली दुप्पट महाग घेतल्यामुळे डॉक्टर-थिएटरचे पैसेही निम्मेच धरतात, हातमोजे धरतच नाहीत. १६,००० + ३०,००० + २०,००० = ६६,०००. त्यातले ५ टक्के तुमचे. कंपनी देते ६२,७००, तुमच्या खिशातून ५७,३००.

तेच ४,००० ची खोली घेतली आणि बाकी खर्च तोच राहिला तर बिल १,०४,००० होतं. कंपनी ९१,२०० देते, तुमच्याकडून १२,८०० जातात. पॉलिसी तीच, फरक ४४,५०० रुपयांचा.

बिलात न दिसणारा खर्च

पोट उघडून ऑपरेशन झालं तर सहा ते आठ आठवडे जड उचलता येत नाही. धुणीभांडी, बिगारी, ऊसतोड करणाऱ्या बाईची तेवढी मजुरी बुडते. ती रक्कमही हिशेबात धरा आणि घरातलं पाणी कोण भरणार हे आधीच ठरवा. डॉक्टरांना हेही विचारा, ‘अंडाशय ठेवणार की काढणार?’ कमी वयात दोन्ही अंडाशय काढली तर पाळी जाण्याचा त्रास लगेच सुरू होतो, हाडं ठिसूळ होतात.

निघताना सोबत

रेशनकार्ड, आधार, जुने रिपोर्ट, ईएसआय किंवा पॉलिसीचं कार्ड आणि घरातलं एक समजदार माणूस. संमतीपत्र वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. ‘उद्याच करू’ असं म्हटलं आणि जिवाला धोका नसेल, तर दोन दिवस मागून घ्या. त्या दोन दिवसांत दुसरं मतही होतं आणि योजनेची चौकशीही.